एक व्यवहार, दोन खतावण्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखाद्या बँकेची बचत खाती एका डेटाबेसमध्ये आणि कर्जखाती दुसऱ्यात असतील, तर हप्ता भरताना एकीकडची नावे नोंद आणि दुसरीकडची जमा नोंद या दोन्ही व्हाव्यात किंवा दोन्ही रद्द व्हाव्यात, यासाठी जी व्यवस्था करतात तिला डिस्ट्रिब्युटेड ट्रान्झॅक्शन म्हणतात.

गैरसमज : डॉटनेटमध्ये व्यवहाराची हद्द आखणाऱ्या ट्रान्झॅक्शनस्कोपमध्ये लिहिलेली प्रत्येक आज्ञा व्यवहारात आपोआप सामील होते.

वस्तुस्थिती : सामील होते ते कनेक्शन. डॉटनेट प्रणालीत एसक्यूएल सर्व्हरशी जोडणारे कनेक्शन स्कोप सुरू झाल्यानंतर उघडले, तर ते व्यवहारात नोंदले जाते, म्हणजेच एनलिस्ट होते. मात्र आधीच उघडलेले किंवा कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ही सोय बंद केलेले कनेक्शन, ते स्वतंत्रपणे नोंदवल्याशिवाय, बाहेरच राहते. अशा कनेक्शनवरून बचत खात्यातून 5,000 रुपये वजा झाले आणि कर्जखात्यातील नोंद फसली, तर जमा रद्द होते, वजावट मात्र कायम राहते.

गैरसमज : सर्वांनी होकार दिला की धोका टळतो.

वस्तुस्थिती : टू-फेज कमिट या पद्धतीत समन्वयक आधी प्रत्येक डेटाबेसला तयारीविषयी विचारतो आणि सर्वांचा होकार आल्यावरच कायम करण्याचा आदेश देतो. या दोहोंमध्ये समन्वयकच बंद पडला, तर होकार दिलेल्या डेटाबेसला स्वतःहून पुढे किंवा मागे जाता येत नाही आणि त्या नोंदींवरील कुलपे तशीच राहतात.

गैरसमज : यूपीआयने पैसे पाठवताना दोन बँकांचे डेटाबेस अशाच एका व्यवहारात बांधले जातात.

वस्तुस्थिती : बँक ऑफ महाराष्ट्रचे लोकमंगल आणि कॉसमॉस बँकेचे कॉसमॉस टॉवर ही दोन्ही मुख्यालये पुण्यात शिवाजीनगर परिसरात असली, तरी एका बँकेच्या खतावणीला दुसरीच्या आदेशासाठी कुलूप लावून ठेवले जात नाही. तेथे नोंदी आपापल्या जागी स्वतंत्रपणे होतात आणि पुढची पायरी फसल्यास उलट नोंद करून रक्कम परत केली जाते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने पाठवलेली रक्कम खात्यातून वजा होऊनही लाभार्थ्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावी लागते आणि त्यापुढील विलंबासाठी ग्राहकाला दररोज 100 रुपये भरपाई द्यावी लागते.