बाटलीमागचे मनुष्यबळ

कोका-कोला जगातील २०० हून अधिक देश-प्रदेशांत विकले जाते. मात्र ते बाटल्यांत भरणारे, क्रेट ट्रकवर चढवणारे आणि दुकानापर्यंत पोहोचवणारे बहुसंख्य हात कोका-कोला कंपनीच्या हजेरीपटावर नसतात. या कंपनीची वाढ आणि तिचे मनुष्यबळ धोरण, म्हणजे माणसे निवडण्याची, घडवण्याची आणि त्यांना वेतन व बढती देण्याची पद्धत, समजून घ्यायची तर याच विभागणीपासून सुरुवात करावी लागते.

१८८६ मध्ये अटलांटा येथे जॉन पेम्बर्टन या औषधविक्रेत्याने बनवलेले हे पेय प्रारंभी पेल्यातूनच विकले जाई. १८९९ मध्ये कंपनीचे मालक एसा कँडलर यांनी ते बाटलीतून विकण्याचे अमेरिकेच्या बहुतांश भागातील हक्क चॅटनूगाच्या दोन वकिलांना अवघ्या एका डॉलरला दिले आणि ‘बॉटलर’ पद्धतीचा पाया घातला गेला. या पद्धतीत कंपनी अर्क पुरवते व जाहिरात करते, तर स्थानिक बॉटलर पेय तयार करून बाटल्या भरतो आणि यंत्रे, वाहने व कामगार यांचा खर्च उचलतो. भारतातून १९७७ मध्ये बाहेर पडलेली ही कंपनी १९९३ मध्ये परतली, तेव्हा मुंबईच्या पार्लेकडून तिने ‘थम्स अप’सारख्या नाममुद्रा घेतल्या आणि त्यांच्यासोबत देशभर पसरलेले बॉटलरांचे तयार जाळेही तिला लाभले.

कंपनीच्या अंतर्गत बढतीच्या शिडीची उदाहरणे लक्षणीय आहेत. १९५४ मध्ये हवाना येथे नोकरीस लागलेले क्युबन रसायन अभियंते रॉबर्टो गोइझुएटा १९८१ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. १९६६ मध्ये झांबियातील बॉटलरकडे सुरुवात करणारे नेव्हिल इस्डेल २००४ मध्ये त्याच पदावर आले. तरीही ही शिडी सर्वांना सारखी खुली नसल्याचा आरोप १९९९ मध्ये कंपनीच्या अटलांटातील कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी न्यायालयात केला: कामाचे मूल्यमापन, वेतन आणि बढती या तिन्हींत भेदभाव होतो, असे त्यांचे म्हणणे होते. आरोप मान्य न करता कंपनीने २००० मध्ये १९ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड केली. या तडजोडीचे खरे मोल रकमेपेक्षा तिच्या अटींत आहे, कारण वेतनातील तफावत भरून काढण्यासाठी तीत स्वतंत्र तरतूद होती आणि मनुष्यबळ विभागाच्या कारभारावर देखरेख करण्यासाठी सात सदस्यांचे स्वतंत्र कृतिदल नेमले गेले. बढती कोणाला व कोणत्या निकषावर मिळाली, याचा हिशेब त्यामुळे वरिष्ठांच्या मर्जीपुरता न राहता बाहेरच्या डोळ्यांसमोर मांडावा लागला.

त्यानंतर कंपनीने मधल्या काळात स्वतःकडे घेतलेला बॉटलिंग व्यवसाय पुन्हा भागीदार बॉटलरांकडे सोपवला आणि २०१५ अखेर सुमारे १ लाख २३ हजार असलेली कर्मचारीसंख्या २०१८ अखेर सुमारे ६२ हजारांवर आली. पेय तेच, कामही तेच राहिले. बदलला तो मालक, आणि त्याबरोबर वेतन, बढती व गाऱ्हाणी यांचे उत्तरदायित्वही दुसऱ्याकडे गेले. बॉटलरांसह या संपूर्ण व्यवस्थेत आज सुमारे ७ लाख माणसे काम करतात. मुख्यालयाला २००० मध्ये लागलेली पारदर्शकतेची शिस्त त्यांच्यापैकी शेवटच्या क्रेट उचलणाऱ्यापर्यंत पोहोचते का, यावरच या कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाचे मूल्यमापन व्हायला हवे; कारण तिची वाढ त्याच्याही श्रमांवर उभी आहे.