दिवाळीचे घर, पाहुण्यांची बैठक

नवरात्र उठते, दसऱ्याचे सोने वाटून होते आणि मराठी घराला दिवाळीचे वेध लागतात. विजयादशमीपासून धनत्रयोदशीपर्यंतचे अंतर जेमतेम अठरा दिवसांचे. तेवढ्या अवधीत माळ्यावरची भांडी खाली उतरायची, पडदे धुऊन निघायचे, भाजणीची धान्ये धुऊन वाळवायची, मुलांची सहामाही परीक्षा पार पाडायची आणि खरेदीही उरकायची. बँकेत काम करणाऱ्यांच्या घरी तर सप्टेंबरअखेरच्या अर्धवार्षिक ताळेबंदाचा शिणवटा अजून उतरलेला नसतो. मग व्हायचे तेच होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घर दिव्यांनी झळाळते, डबे फराळाने भरतात. पण पाहुणे दारात येतात तेव्हा गृहिणी कढईसमोर उभी असते आणि गृहस्थ दिव्यांच्या माळेतील तुटलेली तार शोधत स्टुलावर चढलेले असतात.

अलीकडे तर पाहुण्यांचे येणेही उणावले आहे. शुभेच्छा भ्रमणध्वनीवरून जातात आणि फराळाची खोकी कुरिअरने. घर सजते खरे, पण छायाचित्र काढून झाले की त्या सजावटीकडे पाहणारे कोणी उरत नाही. म्हणून यंदा सजावटीचा विचार दिव्यांपासून न करता बैठकीपासून करावा, असे सुचवावेसे वाटते. आपल्याकडे कोण येणार, कोठे बसणार आणि त्यांच्याजवळ आपण किती वेळ बसू शकणार, हे आधी ठरवावे. कंदील, तोरणे आणि रांगोळी यांच्या जागा त्यावरून आपोआप ठरत जातात.

दोन खोल्यांच्या सदनिकेतील दिवाणखाना बहुधा सोफा, टीपॉय आणि दूरदर्शन संच यांनीच व्यापलेला असतो. सहा माणसे बसली की सातव्याने दाराशी उभे राहायचे! चार दिवसांपुरता टीपॉय आतल्या खोलीत न्यावा, सोफा भिंतीला टेकवावा आणि मोकळ्या झालेल्या जागी सतरंजी, गादी, शुभ्र चादर व लोड-तक्के अशी आपली जुनी बैठक मांडावी. त्याच खोलीत दहा-बारा माणसे सुखाने बसतात. तक्क्यांना जुन्या इरकली किंवा नारायणपेठी साड्यांच्या काठांचे अभ्रे फार शोभतात. (नेसण्याजोगी पैठणी मात्र कात्रीखाली घालू नये; त्यावरून घरात जे महाभारत होते ते पुढल्या दिवाळीपर्यंत पुरते.) गुडघ्यांच्या दुखण्यामुळे खाली बसू न शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी सरळ पाठीच्या, हातांच्या दोन खुर्च्या ठेवाव्यात, आणि त्या कोपऱ्यात न ठेवता बैठकीला लागूनच ठेवाव्यात. आजोबांना दूर बसवले की त्यांच्या वाट्याला फराळाची बशी येते, गप्पा येत नाहीत.

प्रकाशाच्या बाबतीत आपला कल अधिकाकडे असतो. ट्यूबलाइट, रंगीत माळा, पणत्या आणि वर झुंबर, असे सारे एकदम लावले की पणतीचा प्रकाश दिसेनासाच होतो. बैठकीच्या वेळी ट्यूबलाइट बंद ठेवून कोपऱ्यात एक पिवळसर प्रकाशाचा दिवा लावावा. मग समईच्या ज्योतीला उठाव येतो आणि माणसांचे चेहरेही प्रसन्न दिसतात. मातीच्या नव्या पणत्या पाच-सहा तास पाण्यात भिजवून मग कोरड्या कराव्यात, म्हणजे त्या तेल पीत नाहीत. पडदे, पदर, ओढण्या आणि लहान मुलांचे हात यांपासून पणत्या दूर हव्यात. पितळेच्या परातीत पाणी भरून, त्यात झेंडूच्या पाकळ्या व तरंगत्या पणत्या सोडल्या तर ती शोभा सुरक्षितही असते. विजेच्या माळा एकाच प्लगवर एकातून एक अशा जोडत जाऊ नयेत, हे दर वर्षी सांगितले जाते आणि दर वर्षी विसरले जाते.

आकाशकंदिलासाठी मात्र थोडा वेळ मुद्दाम राखून ठेवावा. मुंबईत माहीमची कंदील गल्ली या दिवसांत नुसती पाहायला जाणारेही पुष्कळ असतात. तयार कंदील सुंदर असतात, यात शंका नाही. तरीही बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि पिठाची खळ एवढ्या साहित्यातून घरी केलेल्या कंदिलाची मौज वेगळी. कामट्या आधी भिजवल्या की वाकतात, मोडत नाहीत. सांधे दोऱ्याने घट्ट बांधावेत आणि सांगाडा टेबलावर ठेवून तो डुगडुगत नाही ना, हे पाहूनच कागद लावायला घ्यावा. कागद निवडताना पिवळा, केशरी, फिकट गुलाबी किंवा पांढरा घ्यावा. गडद जांभळा आणि गर्द निळा दुकानात आकर्षक दिसतात. पण रात्री आतला दिवा गिळून बसतात. पूर्वी तारेच्या दिव्याने कागद करपण्याची भीती असे. आता कमी तापणाऱ्या एलईडी दिव्यांमुळे ती बरीच उणावली आहे. तरी दिवा कागदाला टेकू देऊ नये. खाली झिरमिळ्या लावण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे द्यावे. त्या वेड्यावाकड्या लागल्या तर लागू द्याव्यात! थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली. तेव्हापासून कागद, बांबू आणि कापड या जुन्या साहित्याला पुन्हा बरे दिवस आले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे.

बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना अंगण आणि रांगोळी या दोहोंची अडचण जाणवते. सदनिकेच्या दाराबाहेरची जागा येण्याजाण्याची असते आणि तेथे काढलेली रांगोळी तासाभरात पुसली जाते. यावर सोपा उपाय म्हणजे लाकडी फळीला गेरूचा हात देऊन त्यावर रांगोळी काढावी आणि ती फळी दाराच्या बाजूला ठेवावी. पांढरी रांगोळी मिळाली नाही तरी अडून बसण्याचे कारण नाही. तमिळनाडूत कोलम तांदळाच्या पिठाने काढतात, बंगालमध्ये अल्पना तांदूळ वाटून केलेल्या पातळ लेपाने बोटांनी रेखतात, आणि राजस्थानात गेरू व खडूच्या पांढऱ्या रंगाने मांडणे घालतात. शेजारणीला आपल्या फळीच्या अर्ध्या भागावर तिच्याकडची रेखाटणी काढण्याची विनंती करून पाहावी. ओळख वाढवण्याचा याहून सोपा मार्ग आमच्या पाहण्यात नाही.

शेजारच्या प्रांताची दिवाळी जाणून घेतली की यजमानपदही सोपे होते. आपल्याकडील नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासारखेच पहाटेचे तेल-स्नान तमिळ घरांतही असते, आणि त्या सकाळी भेटणारा ‘गंगास्नान झाले का?’ असे विचारतो. बंगालमध्ये त्याच चतुर्दशीच्या संध्याकाळी चौदा दिवे लावतात, अमावास्येच्या रात्री कालीपूजा करतात आणि द्वितीयेला आपल्या भाऊबीजेसारखा ‘भाई फोंटा’ साजरा होतो. कोलकात्यातील शेजाऱ्यांना अमावास्येच्या संध्याकाळी फराळाला बोलावले तर ते येण्याची शक्यता कमीच. पाडव्याची संध्याकाळ अधिक सोयीची. तमिळनाडूत या सुमारास ईशान्य मोसमी पावसाचे दिवस असतात. तेथे अंगणापेक्षा घरातील बैठकीचा भरवसा धरावा आणि चकल्यांचे डबे घट्ट झाकणाचे घ्यावेत, अन्यथा खुसखुशीत चकली दोन दिवसांत मऊ पडते.

मुलांच्या किल्ल्याला या सजावटीत मानाचे स्थान हवे. माती, दगड, गोणपाट आणि आठवडाभर आधी पेरलेले अळीव किंवा मोहरी एवढ्यावर डोंगरउतार हिरवे होतात. गच्ची नसेल तर सज्जातील एका मोठ्या ट्रेमध्येही किल्ला उभा राहतो. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रातील, आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये तो घेतला आणि पुढे राजाराम महाराजांनी तेथूनच मराठी राज्याचा कारभार चालवला. तीन टेकड्या आणि त्यांना जोडणारा तट, अशी त्याची रचना आहे. चेन्नईत वाढणाऱ्या मराठी मुलाने यंदा रायगडाऐवजी जिंजी करून पाहावा. त्याच्या शाळेतील मित्रांना तो किल्ला ‘आपलाच’ म्हणून ठाऊक असतो, आणि मावळे कोठून कोठवर गेले होते याची गोष्ट सांगण्याची संधी त्याला आयतीच मिळते. पाहुण्यांना बैठकीवर नेण्यापूर्वी किल्ल्यापाशी न्यावे आणि माहिती मुलांनाच सांगू द्यावी.

आता फराळाविषयी. पाडव्याला किंवा भाऊबीजेला येणारा पाहुणा बहुधा तिसऱ्या-चौथ्या घरी आलेला असतो. त्याच्यापुढे पुन्हा लाडू, करंजी, शंकरपाळे आणि चकली यांनी भरलेली बशी ठेवली की तो नम्रपणे एक चकली उचलतो आणि बाकीचे ‘नको, नको’ म्हणत तसेच टाकतो. त्यापेक्षा मोठ्या ताटात सारे पदार्थ थोडे थोडे मांडून मधोमध ठेवावेत. ज्याला जे हवे ते तो घेईल. त्याबरोबर काही तरी ताजे आणि आंबट-तिखट अवश्य असावे. कोथिंबीर वड्या आदल्या दिवशी वाफवून ठेवल्या की ऐन वेळी परतायला दहा मिनिटे लागतात. चिवड्यावर कांदा, कोथिंबीर आणि लिंबू घातले की तोच चिवडा नवा होतो. जिरे-आले लावलेला मठ्ठा तळणानंतर अमृतासमान वाटतो. हे दिवस सीताफळांचे आणि डाळिंबांचेही असतात. साखर वर्ज्य असलेल्या पाहुण्यांसमोर फळांची ताटली सहज सरकवावी. ‘हे खास तुमच्यासाठी, बिनसाखरेचे’ अशी घोषणा करून त्यांना संकोचात टाकू नये.

गृहिणीला बैठकीवर बसता यावे, यासाठी कामे आधीच वाटून द्यावीत. तळणाची सारी कामे धनत्रयोदशीपूर्वी संपवावीत, आणि जी संपणार नाहीत ती विकत आणावीत. अनारशांसाठी तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलण्याइतकी सवड नसेल, तर बचत गटाच्या महिलांकडून अनारसे घेण्यात कमीपणा कसला? चहा गृहस्थांनी करावा, बशा मुलांनी फिरवाव्यात. पाडव्याला पत्नीने पतीला ओवाळण्याची रीत आहे. ओवाळणीत त्या संध्याकाळच्या स्वयंपाकघराचा ताबा दिला तरी ती गोड मानली जाईल!

‘या कधी तरी’ असे मोघम आमंत्रण न देता ‘पाडव्याला पाच ते आठ आम्ही घरीच आहोत’ असे स्पष्ट सांगावे. वेळ ठरली की येणाऱ्याला बरे वाटते आणि यजमानालाही. बैठकीच्या कडेला दोन-चार दिवाळी अंक ठेवावेत. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा अखंड चालत आली आहे. एखादी विनोदी कथा मोठ्याने वाचली की अनोळखी माणसेही एकमेकांशी बोलू लागतात.

निमंत्रितांची यादी करताना नेहमीच्या नावांपलीकडे पाहावे. शाखेत नुकताच रुजू झालेला, रजा न मिळाल्याने दिवाळीत गावी जाऊ न शकलेला तरुण अधिकारी असतो. मुले परदेशी असलेले वृद्ध दांपत्य असते. इमारतीचा पहारेकरी तर सगळ्यांची दिवाळी दारातूनच पाहत असतो. आणि ज्या घरात या वर्षी मृत्यू झाला, त्या घरी कंदील लागत नाही, कढई चढत नाही. अशा घरी आप्तांनी आणि शेजाऱ्यांनी फराळ पोहोचवण्याची आपली जुनी रीत आहे. ती पाळताना चकचकीत वेष्टनाची खोकी नेऊ नयेत. घरचा साधा डबा न्यावा, आणि तो दारातून देऊन परतू नये. अर्धा तास बसावे. गेलेल्या माणसाचा विषय टाळण्याची धडपड करू नये. बहुतेक वेळा त्या घरच्यांना त्याच्याविषयीच बोलायचे असते. लहान मुले असतील तर त्यांना आपल्याकडे किल्ला पाहायला घेऊन यावे. मुलांचा सण थांबू नये, असे त्या घरातील मोठ्यांनाही मनातून वाटत असते, पण ते बोलून दाखवत नाहीत.

खर्चाचा विषय बँकेच्या मासिकात टाळता येणार नाही. सणाची उचल घेऊन ती पुढे दहा महिने फेडत बसण्यापेक्षा दरमहा पाचशे रुपयांची आवर्ती ठेव वर्षभर चालवली, तर दिवाळीच्या तोंडावर सहा हजार रुपये आणि वर व्याज हाती येते. दोन खोल्यांच्या घराची वर वर्णन केलेली सजावट त्यात सहज बसते. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीचीही पूजा करतो. सोन्याच्या नाण्याशेजारी तिला बसवणारी ही रीत हिशेबी माणसाला विशेष भावावी.

दिवे आणि तोरणे बहुतेक घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत राहतात. कंदील उतरवताना आधी वायर प्लगमधून काढावी, कागदावरची धूळ कोरड्या मऊ फडक्याने टिपावी आणि झिरमिळ्या गुंडाळून ठेवाव्यात. कागद फाटला असेल तर तो काढून टाकून नुसता सांगाडा माळ्यावर ठेवावा. कामट्या चांगल्या राहिल्या, तर पुढच्या वर्षी तेवढा कागदच नवा लागेल. लोकांकडून आलेले डबे मात्र माळ्यावर जाता कामा नयेत. चार लाडू, मूठभर चिवडा किंवा निदान थोडी साखर घालून ते ज्याचे त्याच्या घरी आठवड्याच्या आत पोहोचते करावेत.