विश्वसनीय वाचन व दप्तरातील तीन प्रश्न

महसुली दप्तरात आयुष्य घालविल्यामुळे प्रस्तुत लेखकास एक सवय जडली आहे. कोणताही कागद पुढे आला की, सही कोणाची, तारीख कोणती आणि नोंद कशाच्या आधारे झाली, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून तो खरा मानावयाचा नाही. हल्ली वाचनाचे पुष्कळसे साहित्य मोबाईलवर मिळते. त्यासही हीच कसोटी लावावी, असे आमचे मत आहे.

त्यास कारणही तसेच घडले. कपाशीच्या हंगामात आमच्या शेजारच्या एका शेतकरीबंधूंस मोबाईलवर निरोप आला की, तीन औषधे एकत्र करून फवारल्यास बोंडअळी समूळ नाहीशी होते. खाली ना नाव, ना तारीख. ते पंप भरावयास निघाले असता आम्ही त्यांस २०१७ सालाचे स्मरण दिले. त्या वर्षी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले आणि शेकडो आजारी पडले. पंप रिकामाच राहिला.

मग विश्वास कोठे ठेवावा? ज्ञानाकरिता मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या या ग्रंथाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आता तो इंटरनेटवर विनामूल्य वाचावयास मिळतो. नोंदीखाली लेखकाचे नाव असते. रात्री निवांतपणी कापसाची नोंद उघडावी, तिच्यावरून सुताकडे आणि सुतावरून गिरण्यांकडे जावे; तास कसा गेला हे कळत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तेथे कोणासही लिहिता येते. म्हणून तळटीपेतील आधार पाहूनच मजकूर घ्यावा.

वृत्तांताकरिता पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेले 'पारी' हे ग्रामीण भारताचे संग्रहालय वाचावे. आपल्या विषबाधेचे प्रकरणही तेथे सविस्तर आले आहे. वार्ताहर, अनुवादक, स्थळ व दिनांक ही सर्व तेथे दिलेली असतात. वृत्तपत्रवाचन आपणांस नवे नाही. लोकनायक बापूजी अण्यांनी १९१८ साली 'लोकमत' साप्ताहिक यवतमाळातूनच काढले होते. पाऊसपाण्याकरिता हवामान खात्याचे आणि औषधांकरिता अकोल्याच्या कृषि विद्यापीठाचे म्हणणे मुळातूनच पाहावे, कोणी पाठविलेल्या उताऱ्यावरून नव्हे.

शेतकरीबंधूंनो, संगणकावरचा बिनसहीचा सातबारा केवळ माहितीपुरता असतो. कामास चालतो तो डिजिटल सहीचाच. मग बिनसहीच्या मजकुरावर आपले पीक, किंबहुना आपले प्राण, का सोपवावे?