पुढे ओस्कारचं काय झालं?

पिशाच्चाला मरण नसतं, या समजुतीचा जितका फायदा सिनेमावाल्यांनी करून घेतला, तितका मांत्रिकांनीही करून घेतला नसेल. १९३१ साली बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ आला. छातीत खुंटा ठोकून त्याचा निकाल लावण्यात आला, आणि पाचच वर्षांनी आलेल्या ‘ड्रॅक्युलाज डॉटर’ची कथा तो मेल्या क्षणापासून पुढे सुरू झाली. १९५८ साली इंग्लंडच्या हॅमर कंपनीने ख्रिस्तोफर लीच्या ड्रॅक्युलाची सूर्यप्रकाशात राखरांगोळी केली. १९६६ साली त्याच कंपनीने त्याच राखेवर रक्त ओतून त्याला पुन्हा उठवलं. पिशाच्च खरोखर मेलं की नाही, हे छातीतल्या खुंट्यावर नव्हे, तिकीटखिडकीवर ठरायचं.

मात्र एक पिशाच्चपट असा आहे की, त्याचा पुढचा भाग आजवर पडद्यावर आलेला नाही. आणि तरीही प्रेक्षकांनी त्याचे पुढचे भाग मनातल्या मनात कितीतरी वेळा काढले आहेत. २००८ सालचा हा स्वीडिश चित्रपट इंग्रजीत ‘लेट द राइट वन इन’ या नावाने ओळखला जातो. योग्य असेल त्यालाच आत येऊ द्या, असा त्याचा अर्थ. दिग्दर्शक तोमास आल्फ्रेडसन. पटकथा जॉन आयविदे लिंडक्विस्ट याची, आणि तीही त्याच्या स्वतःच्याच २००४ सालच्या कादंबरीवर बेतलेली. लहान मुलांना शेजारी बसवून पाहण्याजोगा हा चित्रपट नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आईबापांनी तो जरूर पाहावा असं मला वाटतं. कारण रक्तपात बाजूला काढला, तर ही गोष्ट आहे एकट्या पडलेल्या एका मुलाची.

ओस्कार बारा वर्षांचा. आईवडील विभक्त झालेले. स्टॉकहोमच्या ब्लाकेबर्ग नावाच्या उपनगरात, एकसारख्या इमारतींच्या वसाहतीत तो आईबरोबर राहतो. काळ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीचा. शाळेतली तीन मुलं त्याला रोज छळतात. तो घरी काही सांगत नाही. रात्री अंगणातल्या बर्फात उभा राहून झाडाच्या खोडावर चाकू चालवत सूड घेण्याची तालीम करतो. अशाच एका रात्री शेजारच्या घरात नव्याने राहायला आलेली एली त्याला भेटते. थंडीत ती अनवाणी फिरते, दिवसा कधी दिसत नाही. वय विचारलं तर म्हणते, बारा, साधारण. फरक इतकाच, की बारा वर्षांची ती फार फार वर्षांपासून आहे.

एलीबरोबर होकान नावाचा एक उतारवयाचा माणूस राहतो. लोकांना ती दोघं बाप-लेक वाटतात. प्रत्यक्षात एलीसाठी माणसं मारून त्यांचं रक्त डब्यात भरून आणणं, हे त्याचं काम. ते त्याला आता झेपत नाही. एकदा तो पकडला जाण्याच्या बेतात येतो, तेव्हा आपल्यामुळे एलीचा माग लागू नये म्हणून स्वतःच्याच चेहऱ्यावर ॲसिड ओतून घेतो. पुढे इस्पितळाच्या खिडकीत आलेल्या एलीला तो आपलंही रक्त देतो आणि खाली कोसळतो.

शेवटी ओस्कारला छळणारी मुलं त्याला पोहण्याच्या तलावात बुडवत असताना एली येते आणि त्याला वाचवते. ती कशी, ते इथे सांगत नाही. नंतरच्या दृश्यात ओस्कार आगगाडीत बसला आहे. दिवसाची वेळ. शेजारी एक मोठी पेटी. पेटीतून टकटक होते, हाही बोटांनी टकटक करून उत्तर देतो. दोन घरांमधल्या भिंतीवरून बोलण्यासाठी दोघांनी मोर्सची सांकेतिक भाषा शिकून घेतलेली असते. तो जो शब्द वाजवतो, त्याचा स्वीडिशमधला अर्थ होतो छोटासा पापा. ओस्कार हसतो. चित्रपट संपतो.

आणि इथेच प्रेक्षकांचा चित्रपट सुरू होतो.

सर्वांत गाजलेला तर्क असा: होकानही एकेकाळी ओस्कारसारखाच एक मुलगा होता. त्यालाही एली अशीच कुठल्याशा अंगणात भेटली, त्याचाही जीव जडला. तो वाढत गेला, म्हातारा झाला. ती बाराचीच राहिली. आता तो कामाचा उरला नाही, म्हणून तिने नवा मुलगा शोधला. थोडक्यात, आगगाडीतला ओस्कार सुटकेच्या नव्हे, होकान होण्याच्या वाटेवर आहे. हा तर्क एकदा कानावर पडला की ओस्कारचं ते शेवटचं हसू पूर्वीसारखं दिसत नाही.

पुरावेही आहेत. होकान एका रात्री एलीला विनवतो की आज त्या मुलाला भेटू नकोस. त्या विनवणीत बापाची काळजी नाही, डावललेल्या माणसाची कळ आहे. एली त्याच्या गालावरून हात फिरवते, तोही जुन्या ओळखीचा वाटतो. पुढे तिच्या जिवावर उठलेला एक माणूस घरात शिरतो, तेव्हा ओस्कार तिला सावध करतो, आणि मग आत जे घडतं त्यावर दार लोटून घेतो. नकळत का होईना, त्याने होकानचं काम हाती घेतलेलं असतं.

गंमत अशी, की कादंबरी उघडली तर हा तर्क पहिल्या काही प्रकरणांतच कोसळतो. तिथला होकान हा नोकरी गेलेला शिक्षक. मुलांविषयीच्या विकृत ओढीमुळे समाजातून उठलेला आणि दारूला लागलेला. एली त्याला भेटते तेव्हा तो चांगला प्रौढ माणूस असतो. त्यांच्यात बालपणीचं प्रेम वगैरे काही नाही. आहे तो एक किळसवाणा व्यवहार. आल्फ्रेडसनने चित्रपटात होकानचा हा भूतकाळ गाळून टाकला. का, ते समजण्यासारखं आहे. तो ठेवला असता तर दोन मुलांच्या गोष्टीत तिसऱ्याच विषयाने ठाण मांडलं असतं. पण भूतकाळ काढला की जागा मोकळी राहते, आणि मोकळ्या जागेत प्रेक्षक आपलं सामान आणून ठेवतोच.

याचं आणखी एक उदाहरण याच चित्रपटात आहे. ओस्कार वडिलांकडे राहायला जातो. बापलेकांचा खेळ छान रंगलेला असतो. इतक्यात शेजारचा एक माणूस येऊन बसतो, आणि वडिलांचं मुलाकडचं लक्षच उडतं. हा वडिलांचा प्रियकर असावा आणि म्हणूनच संसार मोडला असावा, असा तर्क स्वीडनबाहेरच्या अनेक प्रेक्षकांनी केला. कादंबरीत उत्तर स्वच्छ आहे: वडिलांना दारूचं व्यसन आहे. पाहुणा आला म्हणजे बाटली निघणार, आणि बाटली निघाली म्हणजे बाप मुलाला पारखा होणार. ज्या घरांनी हे भोगलं आहे, त्यांना टेबलावरची ती बाटली दिसताच पोटात खड्डा पडतो. ज्यांनी भोगलेलं नाही, त्यांना तर्क करावा लागतो.

होकानविषयीच्या तर्काचं नशीब मात्र वेगळं. तो नुसता प्रेक्षकांच्या गप्पांत राहिला नाही, दुसऱ्या चित्रपटात जाऊन बसला. २०१० साली मॅट रीव्हज या दिग्दर्शकाने याच कथेवर ‘लेट मी इन’ हा इंग्रजी चित्रपट काढला. (निर्मात्यांत, योगायोग पाहा, ड्रॅक्युलाची राख जिवंत करणारी तीच हॅमर कंपनी होती.) त्यात मुलाला मैत्रिणीच्या घरात फोटोंची एक जुनी पट्टी सापडते. फोटोत ती आहे, आज आहे तशीच, आणि तिच्या शेजारी एक लहान मुलगा. हाच मुलगा मोठा होऊन तिचा सध्याचा रखवालदार झाला, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. स्वीडिश चित्रपटात जी नुसती शंका होती, तिला इथे पुरावा मिळाला.

मग मूळ लेखकाला राहवलं नाही. चित्रपटाच्या शेवटाचा लोक जो अर्थ लावतात तो आपल्याला अभिप्रेत नव्हता, असं लिंडक्विस्टने स्पष्ट केलं आणि एक कथाच लिहिली. तिच्या नावाचा अर्थ ‘जुनी स्वप्नं मरू द्या’. २०११ साली त्याच नावाच्या संग्रहात ती आली. कथा ओस्कार-एलीची नाहीच. ती आहे त्या आगगाडीतल्या तिकीट तपासनिसाची आणि या प्रकरणाचा तपास करणाऱ्या पोलीस अधिकारी बाईंची. या तपासातच दोघांची गाठ पडते आणि जन्माची सोबत होते. कित्येक वर्षांनी त्यांच्या पाहण्यात एक फोटो येतो. त्यात ओस्कार आहे, एली आहे, आणि ओस्कार वाढलेला नाही. तोही तिच्यासारखाच झाला आहे. म्हणजे होकान नाही, सोबती.

लेखकाने निकाल दिला, तरी वाद मिटला नाही. आमच्या घरी तर तो जेवणाच्या टेबलावर अजून अधूनमधून निघतो. मुलीला लेखकाचं म्हणणं पूर्ण पटतं. आमंत्रणाशिवाय पिशाच्चाने उंबरा ओलांडायचा नसतो, तरी ओस्कारच्या हट्टासाठी एली न बोलावता आत येते आणि तिच्या अंगातून रक्त फुटतं, ते दृश्य ती पुढे करते. जिला नुसता वापर करून घ्यायचा आहे ती स्वतःचा जीव असा टांगणीला लावेल का, हा तिचा सवाल. पत्नीचं उत्तर एका वाक्याचं असतं: जाळ्यात ओढणारी माणसं सुरुवातीला असंच करतात.

मला या दोन उत्तरांत दोन वयं दिसतात. लिंडक्विस्टचा जन्म १९६८ सालचा, आणि तो वाढला ब्लाकेबर्गमध्येच. लहानपणी त्यानेही छळ सोसलेला. अशा मुलाला रात्री अंथरुणात पडल्यावर काय हवं असतं? कुणीतरी भिंतीपलीकडून टकटक करावी, आणि हाताला धरून इथून घेऊन जावं. त्याने लिहिलेली उत्तरकथा ही त्या मुलाला पाळलेला शब्द आहे. उलट, होकानचा तर्क सुचतो तो आईबापांच्या मनाला. आपलं एकटं, बुजरं मूल ज्या पहिल्या माणसापाशी खुलतं, तो माणूस नेमका कोण, ही धास्ती त्या तर्कामागे आहे. ती धास्ती वेडगळ आहे असं कुठला बाप म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. पण चित्रपटात ओस्कारच्या आईला आणि वडिलांना एलीचा पत्ताही लागत नाही, हेही विसरून चालणार नाही. आपण ज्या धोक्याचा तर्क लढवतो, तो त्या घरात कुणी पाहतच नव्हतं. योग्य त्यालाच आत येऊ द्या हे खरं. पण दाराशी कुणी उभं तर हवं!

आणि दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सारखीच राहते, तिच्याविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही. ओस्कार होकान होवो की एलीसारखाच अमर होवो, दर काही दिवसांनी कुणीतरी मरणार आहे. चित्रपटात आधी मरतात ती त्याच वसाहतीतली, चिनी खानावळीत एकत्र बसणारी, दारूत आयुष्य बुडवलेली साधी माणसं. एलीच्या जिवावर उठलेला तो माणूस त्यांच्यातलाच; मित्र आणि मैत्रीण दोघंही गमावून तो आलेला असतो. त्याच्यावर दार लोटलं गेलं तेव्हा आपण सगळे ओस्कारच्या बाजूने उभे असतो. लेखकाची कथा गोड वाटते खरी, पण त्या गोडव्याची किंमत पानाबाहेरच्या कुणीतरी मोजायची असते.

पिशाच्चाने गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्याला कोड्यात टाकायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. विक्रमाच्या खांद्यावरचं वेताळ दुसरं काय करत होतं? रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा त्याने वेताळाला शब्द वापरला तो ‘व्हॅम्पायर’ हाच. स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’च्या सत्तावीस वर्षं आधी. राजा दर वेळी बिनचूक उत्तर देतो, आणि उत्तर दिलं की वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळतं. प्रेक्षकांनी उत्तर दिलं, रीव्हजने दिलं, खुद्द लेखकानेही दिलं. २०२२ साली आलेल्या अमेरिकन मालिकेने तर रखवालदाराला मुलीचा सख्खा बापच करून टाकून कोडं सोडवलं. ती मालिका एका वर्षातच आटोपली. वेताळ झाडावर आहे तिथेच आहे.

पंचविशीत वेताळ हाती लागतं ते शेवटच्या गोष्टीला, राजाला उत्तर सुचत नाही आणि तो मुकाट्याने चालत राहतो तेव्हा. हा चित्रपट पाहून उठल्यावर तसं थोडा वेळ गप्प बसावं, आणि मग शेजारच्या खोलीत एकटंच बसलेलं आपलं मूल काय करतं आहे, ते जरा पाहून यावं.