व्हेडर बाप केव्हा झाला?

२१ मे १९८० रोजी अमेरिकेत ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातल्या एका वाक्याने थिएटरेच्या थिएटरे सुन्न झाली. काळ्या मुखवट्याआडून घरघरत्या श्वासाने बोलणारा खलनायक डार्थ व्हेडर समोरच्या कोवळ्या नायकाचा, ल्यूक स्कायवॉकरचा, हात मनगटापासून छाटतो आणि मग त्याला सांगतो, की मीच तुझा बाप. ज्याने आपल्या बापाला मारले म्हणून ल्यूक इतके दिवस सूडाने पेटला होता, तोच बाप निघावा! लहान मुले घरी गेल्यावर आईवडिलांना विचारत होती, की तो खोटे बोलत असेल ना? त्याचे खरेखोटे कळायला पुढची तीन वर्षे जावी लागली.

आज ‘स्टार वॉर्स’ न पाहिलेल्या माणसालाही हे रहस्य ठाऊक असते. १९७७ ते २०१९ या काळात या मालिकेचे नऊ मुख्य चित्रपट निघाले आणि त्या सगळ्या डोलाऱ्याचा खांब म्हणजे हे बापलेकाचे नाते. साहजिकच कुणालाही वाटेल, की जॉर्ज लुकासने पहिल्या दिवशी पहिल्या पानावर हेच लिहून ठेवले असणार. स्वतः लुकासनेही अनेक मुलाखतींतून तसा समज होऊ दिला. कथा मुळात फार मोठी होती, तिचा मधला तुकडा काढून आपण पहिला चित्रपट केला, असे तो सांगत असे. एकूण चित्रपट किती, हा आकडा मात्र बदलत राही. कधी नऊ, तर कधी बारा.

पण लुकासच्या पटकथांचे खर्डे पुढे अभ्यासकांच्या हाती आले, त्यांवर सटीप पुस्तके निघाली, आणि त्यांतून दिसले ते चित्र वेगळे आहे. पहिला चित्रपट पडद्यावर आला तेव्हा व्हेडर हा ल्यूकचा बाप नव्हता. निदान कागदावर तरी तो कुठेही नव्हता.

गोष्ट सुरू होते जानेवारी १९७३ मध्ये. लुकास तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. ‘टीएचएक्स ११३८’ हा त्याचा पहिला चित्रपट १९७१ साली आपटला होता आणि दुसरा, ‘अमेरिकन ग्राफिटी’, अजून प्रदर्शित व्हायचा होता. लहानपणी पाहिलेल्या ‘फ्लॅश गॉर्डन’च्या साहसकथांवर चित्रपट काढायचा म्हणून तो हक्क मागायला गेला, ते मिळाले नाहीत. मग आपणच एक आकाशकथा रचावी असे त्याने ठरवले. पहिला प्रयत्न म्हणजे हाताने लिहिलेली दोन पाने. त्यातली चमत्कारिक नावे आणि त्याहून चमत्कारिक वाक्ये वाचून त्याच्या एजंटालाही काही उमगले नाही.

मे महिन्यात त्याने नव्याने तेरा पाने लिहिली. या वेळी आधाराला घेतला अकिरा कुरोसावाचा १९५८ चा ‘द हिडन फोर्ट्रेस’. शत्रूच्या मुलखातून राजकन्येला सुखरूप नेणारा सेनापती आणि त्यांच्यामागून कुरकुरत चालणारे दोन भांडखोर शेतकरी, अशी ती कथा. या शेतकऱ्यांचेच पुढे दोन यंत्रमानव झाले, एक उंच सोनेरी आणि एक बुटका. ही तेरा पाने युनायटेड आर्टिस्ट्सने नाकारली, युनिव्हर्सलने नाकारली. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या अॅलन लॅड ज्युनियर यांनी ती घेतली. त्यांना गोष्ट कळली होती असे नव्हे, त्यांचा विश्वास या पोरावर होता.

मग सुरू झाली खाडाखोड. लुकासला लिहिण्याचा मनापासून कंटाळा. शुद्धलेखन यथातथाच. रेघा मारलेल्या कागदावर पेन्सिलीने तो तासन्‌तास झगडे आणि काही सुचेनासे झाले की कात्रीने स्वतःचेच केस कापत बसे. मे १९७४ मध्ये पूर्ण झालेला पहिला कच्चा खर्डा आज वाचला तर हसू येते. त्यात हॅन सोलो आहे, पण तो हिरव्या कातडीचा, माशासारखे कल्ले असलेला अगडबंब प्राणी आहे. ल्यूक स्कायवॉकर आहे, पण तो एक वयस्क सेनापती आहे. डार्थ व्हेडरही आहे. मात्र मुखवटा नसलेला, साम्राज्याचा एक दुय्यम अधिकारी म्हणून. आणि नायकाचा बाप? तोही आहे. तो सज्जन योद्धा आहे आणि त्याचे निम्मेअधिक शरीर यंत्राचे झालेले आहे!

म्हणजे अर्धयंत्र झालेला बाप १९७४ पासूनच होता आणि व्हेडर हे नावही होते. पण ती दोन वेगळी माणसे होती, नाटकाच्या दोन टोकांना उभी. डच भाषेत ‘व्हेडर’ या अक्षरांचा अर्थ ‘बाप’ होतो, याकडे भाविक मंडळी बोट दाखवतात. पण एका दुय्यम सरदाराला दिलेल्या नावात एवढे भविष्य दडले होते असे मानायचे, तर उरलेल्या खर्ड्याचे काय करायचे?

मुखवटा आला तो चित्रकारामुळे. राल्फ मॅक्वारी याला लुकासने काही दृश्ये रंगवून द्यायला सांगितली होती. एका प्रसंगात व्हेडर पोकळीतून एका यानातून दुसऱ्या यानात शिरतो. मॅक्वारीला रास्त शंका आली, की हा माणूस श्वास कसा घेणार? म्हणून त्याने श्वसनयंत्र असलेला मुखवटा काढला. तो इतका भीषण झकास उतरला, की प्रसंग बदलला तरी मुखवटा कायम राहिला. मग मुखवटा का, याचे कारण शोधणे आले आणि ज्वालामुखीत होरपळल्याची हकिकत जन्माला आली. आधी शिंगे उगवली आणि मग त्यांच्यासाठी बैल शोधला, असा हा प्रकार.

जानेवारी १९७५, ऑगस्ट १९७५, १९७६ चा आरंभ, असे खर्डे होत गेले. मध्येच काही काळ ल्यूक मुलगी झाला होता. ‘अमेरिकन ग्राफिटी’ लिहिणारे ग्लोरिया कॅट्झ आणि विलार्ड हाइक हे जोडपे शेवटी मदतीला आले आणि त्यांनी संवादांना थोडी माणसांची भाषा दिली. नायकाचे आडनाव तोवर ‘स्टारकिलर’ होते. १९७६ च्या वसंतात ट्युनिशियात चित्रीकरण सुरू झाल्यानंतर ते ‘स्कायवॉकर’ झाले.

त्याच सुमारास आणखी एक मोठा बदल झाला. पटकथेत वृद्ध गुरू ओबी-वॅन केनोबी व्हेडरशी झुंजून सहीसलामत निसटत होता. पण निसटल्यावर त्याला उरलेल्या चित्रपटात काही कामच नव्हते. बाकीचे लढत असताना हा नुसता उभा. लुकासची तेव्हाची पत्नी मार्शा ही स्वतः नावाजलेली संकलक. तिने सुचवले, की म्हाताऱ्याला झुंजीतच मरू दे. ते लुकासला पटले. गुरूची भूमिका करणारे सर अॅलेक गिनेस हे ऐकून इतके नाराज झाले, की भूमिका सोडायच्या गोष्टी करू लागले. पण ते राहिले आणि चित्रपटाला त्याचे काळीज मिळाले. या चित्रपटाच्या संकलनाचे ऑस्कर जे तिघांना मिळाले, त्यांत मार्शाही होती. ‘एकट्याच्या प्रतिभेची निर्मिती’ वगैरे लिहिणाऱ्यांना नेमके हे नाव आठवत नाही.

२५ मे १९७७ रोजी ‘स्टार वॉर्स’ जेमतेम बत्तीस थिएटरांत लागला आणि पुढचे सर्वश्रुत आहे. एक बारीक गोष्ट मात्र सांगायला हवी. तेव्हा पडद्यावर चढत जाणाऱ्या त्या पिवळ्या मजकुरात ‘भाग चौथा’ असे काही नव्हते. ते शब्द १९८१ साली चित्रपट पुन्हा लागला तेव्हा वर चिकटवले गेले.

दुसऱ्या चित्रपटासाठी लुकासने ठरवले, की आपण लिहायचे नाही. १९७७ च्या अखेरीस त्याने काम सोपवले ते ली ब्रॅकेट यांच्याकडे. या बाईंची ओळख करून द्यायलाच हवी. १९१५ चा जन्म. मंगळावरच्या आणि शुक्रावरच्या साहसकथा लिहून मासिके गाजवलेल्या. त्यांची एक रहस्यकादंबरी दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला आवडली आणि त्याने ‘त्या ब्रॅकेट नावाच्या माणसाला’ बोलवायला सांगितले. दारात उभी राहिली एक तरुणी. त्याने तरीही तिला काम दिले. १९४६ च्या ‘द बिग स्लीप’च्या पटकथेवर विल्यम फॉकनरच्या जोडीने तिचे नाव आहे. नंतर ‘रिओ ब्राव्हो’. म्हणजे लुकास ज्या दोन परंपरांवर पोसला, ती मासिकांतली आकाशकथा आणि तो जुना हॉलिवूडपट, त्या दोन्ही या एका बाईच्या हातांत होत्या.

ब्रॅकेटबाईंनी फेब्रुवारी १९७८ मध्ये आपला खर्डा दिला. १८ मार्चला त्या कर्करोगाने गेल्या.

त्या खर्ड्यात बर्फाळ ग्रहावरचा तळ आहे, दलदलीतला बुटका गुरू आहे, ढगांतले शहर आहे, ल्यूक आणि व्हेडरची झुंजही आहे. आणि ल्यूकच्या मृत पित्याचा आत्माही आहे. तो दलदलीतल्या ग्रहावर प्रकट होतो, मुलाशी मायेने बोलतो, तुला एक बहीण आहे असे सांगतो. व्हेडर वेगळा, बाप वेगळा. १९७८ च्या फेब्रुवारीत, पहिला चित्रपट जगभर धो-धो चालत असताना, ही स्थिती होती. ज्याला सगळे आधीच ठरलेले होते, त्याने आपल्या लेखिकेलाच ते सांगू नये, हे जरा अवघड वाटते.

लेखिका गेली, तारखा ठरलेल्या, हाती कुणी नाही. लुकास नाइलाजाने पुन्हा पेन्सिल घेऊन बसला. एप्रिल १९७८ च्या त्याच्या खर्ड्यात व्हेडर प्रथम म्हणतो, की मी तुझा बाप. नेमक्या कोणत्या क्षणी हे सुचले असेल? मला वाटते, अडचण साधी होती. बापाचा आत्मा आणि गुरूचा आत्मा, दोघेही येऊन उपदेशच करणार. एक पात्र जास्तीचे होते. दुसरीकडे खलनायकाला नायकाशी बांधणारे काही नव्हते. दोन अर्धवट माणसे एकत्र केली आणि एक पूर्ण माणूस उभा राहिला.

लुकासच्या स्वतःच्या बापाचे मोडेस्टो या कॅलिफोर्नियातल्या गावी स्टेशनरीचे दुकान होते. मुलाने ते चालवावे ही बापाची इच्छा, मुलगा चित्रपटाच्या शाळेत निघून गेला, दोघांत बरीच वर्षे धुसफूस होती. यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. दुकानात बसायला नकार देणारी मुले जगात पुष्कळ असतात. पण लिहिणाऱ्याच्या हाताशी काय काय पडलेले असते, एवढे लक्षात यावे.

पुढे लॉरेन्स कॅस्डन या नवख्या लेखकाने संवाद घासूनपुसून लखलखीत केले. रहस्य राखण्यासाठी छापील पटकथेत वेगळेच वाक्य घातले होते: तुझ्या बापाला ओबी-वॅनने मारले. व्हेडरच्या पोशाखातला डेव्हिड प्राउज सेटवर तेच बोलला. ल्यूकचे काम करणाऱ्या मार्क हॅमिलला खरे वाक्य दृश्याच्या जेमतेम आधी कानात सांगितले गेले. व्हेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्सने ते वाक्य वाचले तेव्हा त्यालाही वाटले, की हा खोटे बोलतोय. श्रेयनामावलीत पटकथा म्हणून ब्रॅकेट आणि कॅस्डन यांची नावे आली. लुकासने स्वतःचे नाव फक्त कथेला लावले. बाईंचे काही थोडेच उरले होते असे म्हणतात, तरी त्याने ते नाव काढले नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवावे. १९८१ साली विज्ञानसाहित्याचा ह्यूगो पुरस्कार या चित्रपटाला मिळाला.

आता निस्तरणे आले. पहिल्या चित्रपटात ओबी-वॅनने ल्यूकला स्पष्ट सांगितले होते, की तुझ्या बापाला व्हेडरने मारले. गुरू खोटे बोलला? १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये त्या गुरूच्या आत्म्याला येऊन सारवासारव करावी लागते, की एका परीने ते खरेच होते, चांगला माणूस मेला आणि व्हेडर उरला. ‘नरो वा कुंजरो वा’ आपल्याला नवे नाही. बहिणीचे प्रकरण याहून अवघड. दुसऱ्या चित्रपटात गुरू ‘आणखी एक आहे’ असे सूचित करतो. ती कोण, याचे उत्तर तिसऱ्यात द्यायचे होते. राजकन्या लिया हीच बहीण ठरवली गेली. पण १९८० च्या चित्रपटात तिने ल्यूकचे चुंबन घेतलेले कोट्यवधी लोकांनी पाहिले होते! तो प्रसंग आता घरच्यांबरोबर पाहताना सगळेच जरा घसा खाकरतात.

कीर्तनात आधी पूर्वरंग आणि मग उत्तररंग. लुकासने उलटे केले. नोव्हेंबर १९९४ मध्ये तो पूर्वकथा लिहायला बसला, आणि १९९९, २००२, २००५ या तीन चित्रपटांत त्याने व्हेडरचे बालपण, प्रेम आणि अधःपात दाखवला. आता शेवट ठरलेला होता, प्रत्येक वाट तिथेच पोचायला हवी होती. या चित्रपटांची जी ओढाताण जाणवते, तिचे कारण मला यातच दिसते. तेव्हा त्याला अडवणारे फार कुणी उरलेही नव्हते. मार्शाशी त्याचा घटस्फोट १९८३ मध्येच झाला होता.

२०१२ साली त्याने सगळा संसार डिस्ने कंपनीला सुमारे चारशे कोटी डॉलरना विकला. सोबत पुढच्या कथांचे आराखडेही दिले. ते बहुतांशी बाजूला ठेवले गेले. नव्या तीन चित्रपटांची नायिका रे. तिचे आईबाप कोण, या प्रश्नावर प्रेक्षक दोन वर्षे तर्क लढवत होते. २०१७ च्या चित्रपटाने सांगितले, की कुणीच नाहीत, सामान्य माणसे. २०१९ च्या चित्रपटाने, दुसऱ्या लेखकांनी लिहिलेल्या, सांगितले, की ती दुष्ट सम्राटाची नात आहे.