तेजोमेघाचा फोटो कसा काढतात?

माणसांचे, बैलांचे, होड्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पण ताऱ्यांच्या मधे असलेल्या ढगाचा फोटो काढताना कोणी पाहिला आहे का? मी पाहिला. तो आपल्या मिठबावच्या किनाऱ्यावरच काढला. कसा काढला ते मी सांगते.

माझे मामा पुण्याला नोकरी करतात. ते काही शास्त्रज्ञ नाहीत. त्यांना आकाश बघायचा नाद आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही संस्था १९४४ सालापासून आहे. तिथे जाऊन ते शिकले. गेल्या महाशिवरात्रीला ते कुणकेश्वरच्या जत्रेला आले, तेव्हा दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन आले. मी विचारले, "मामा, जत्रेक दुर्बीण कित्याक?" मामा हसले. म्हणाले, "महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या असते. चंद्र नसतो. मला अंधार हवा."

अमावास्येच्या रात्री जेवण करून आम्ही वाळूत गेलो. मी, मामा आणि आजोबा. आजोबा रापणीचे मासे धरतात, त्यांना सगळी नक्षत्रे येतात. मृग नक्षत्र डोक्यावरून थोडे दक्षिणेला होते. मृगाच्या पोटात तीन तारे एका ओळीत आहेत, तो व्याधाचा बाण. बाणाच्या खाली आणखी बारीक ताऱ्यांची ओळ आहे. तिच्यातला मधला तारा नीट बघितला तर धुरकट दिसतो. तो एकटा तारा नाही. तो मृगातला तेजोमेघ आहे.

तेजोमेघ म्हणजे वायू आणि धूळ यांचा अतिशय मोठा ढग. त्यात नवे तारे जन्माला येतात. हा ढग सुमारे १३०० प्रकाशवर्षे लांब आहे. म्हणजे आज दिसणारा प्रकाश १३०० वर्षांपूर्वी निघाला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला, तेव्हा तो निम्म्याहून जास्त वाट चालून आला होता.

मग फोटो कशाला? डोळ्याने दिसतोच की! असे मी म्हटले. तेव्हा मामांनी मला पागोळ्यांची गोष्ट सांगितली. पावसाळ्यात पागोळीखाली ओंजळ धरली आणि लगेच सोडली, तर चार थेंब मिळतात. पण घागर ठेवली तर भरते. आपला डोळा ओंजळीसारखा आहे. तो प्रकाश साठवून ठेवत नाही. कॅमेरा घागरीसारखा आहे. त्याचे दार एक मिनिट उघडे ठेवले, तर मिनिटभराचा प्रकाश त्यात जमतो.

घागरीचे तोंडही मोठे पाहिजे. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. मामांच्या दुर्बिणीचे भिंग ८० मिलिमीटर रुंद आहे. मी शाळेत गुरुजींना विचारून गणित केले. ८० गुणिले ८० म्हणजे ६४००. ७ गुणिले ७ म्हणजे ४९. ६४०० ला ४९ ने भागले की सुमारे १३० येतात. म्हणजे त्या भिंगातून डोळ्याच्या १३० पट प्रकाश आत येतो.

पण एक अडचण आहे. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकताना दिसतात. चार मिनिटांत एक अंश सरकतात. कॅमेरा एका जागी ठेवला तर ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. म्हणून दुर्बिणीच्या तिवईवर एक मोटर असते. ती ताऱ्यांबरोबर दुर्बीण हळूहळू फिरवते. त्यासाठी तिचा आस ध्रुवाच्या दिशेने धरावा लागतो. आपल्या गावात ध्रुव क्षितिजापासून सुमारे १६ अंश वर आहे. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ १० अंशांची होते. म्हणून दीड मूठ वर बघायचे. मामा मोबाईलमध्ये दिशा बघत होते, तोपर्यंत आजोबांनी बोट दाखवून सांगितले, "ह्यो बघ तुझो ध्रुव."

सव्वाआठ वाजता फोटो सुरू झाले. एक मिनिटाचा एक, असे ९० फोटो काढायचे होते. मी विचारले, एवढे कशाला? तर कॅमेऱ्यात काळ्या जागीसुद्धा बारीक बारीक कण उमटतात. ते दर फोटोत वेगळ्या जागी असतात. खरा प्रकाश मात्र दर वेळी त्याच जागी पडतो. सगळे फोटो संगणकावर एकावर एक ठेवले की खरे तेवढे ठळक होते. आई तांदूळ पाखडते तेव्हा कोंडा उडून जातो आणि तांदूळ सुपात राहतात, तसेच हे.

आता माझी चूक सांगते. मामांनी बजावले होते, बॅटरी पेटवायची नाही. मी गप्प बसले होते. तेवढ्यात माझ्या पायावरून कुर्ली गेली. मी ओरडले आणि बॅटरी लावली! तो फोटो पांढरा झाला. मला रडू येत होते. मामा म्हणाले, "रडू नको. एक फुकट गेला तर तो काढून टाकू."

पण पुढे जास्त नुकसान झाले. मृग पश्चिमेला कलू लागला आणि लांब समुद्रात मोठ्या दिव्यांच्या बोटी आल्या. त्यांच्या उजेडाने पश्चिमेचे आकाश पांढरे झाले. शेवटचे ११ फोटो टाकून द्यावे लागले. अशा दिव्यांनी मासे धरायला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी केली आहे. आजोबा म्हणाले, "ह्या उजेडान मासळी थंय जाता. रापणीक काय गावणा नाय." मग कोणी बोलले नाही. त्या दिवशी सकाळी आमची रापण जवळजवळ रिकामी आली होती.

मला देवयानी दीर्घिकेचासुद्धा फोटो हवा होता. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे अब्जावधी ताऱ्यांचे वेगळे गाव. देवयानी आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. पण त्या रात्री ती वायव्येला खाली गेली होती, आणि तिकडे जत्रेच्या दिव्यांचा उजेड होता. जत्रेला दिवे पाहिजेतच. म्हणून तिचा फोटो दिवाळीच्या सुट्टीत काढायचे ठरले. तेव्हा ती रात्री उंच असते.

हे काम पहिल्यांदा कोणी केले? हेन्री ड्रेपर नावाचे अमेरिकेतले डॉक्टर होते. त्यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो काढला. त्यासाठी सुमारे ५० मिनिटे लागली. इंग्लंडमधले आयझॅक रॉबर्ट्स हे इमारती बांधण्याचा धंदा करत. त्यांनी १८८८ साली देवयानीचा फोटो काढला, तेव्हा तिचा भोवऱ्यासारखा आकार लोकांना कळला. दोघेही आपल्या हौसेने आकाश बघणारे. पुढे १९२३ साली एडविन हबल यांनी फोटोंवरूनच शोधले, की देवयानी आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे.

आपल्या देवगड तालुक्यातही आकाशाचे फोटो पूर्वी काढलेले आहेत. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण होते. तेव्हा नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ विजयदुर्गला आले होते आणि तिथे ग्रहणाचे फोटो काढले होते.

तर ९० मधून १ आणि ११ गेले. उरले ७८. मामांनी दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉपवर एकत्र केले. बघतो तर काय! पंख पसरलेल्या पाखरासारखा गुलाबी लाल ढग. तो लाल रंग हायड्रोजन वायूचा असतो. इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही, म्हणून नुसते बघितले तर तो राखाडी दिसतो. आजोबा चष्मा लावून किती तरी वेळ बघत होते. म्हणाले, "पन्नास वर्सां बघतंय, पण हो रंग कधी दिसूक नाय."

मित्रांनो, समुद्रातले दिवे आपल्याला बंद करता येणार नाहीत. पण आमच्या पडवीचा दिवा समुद्राच्या बाजूने जळत असे. मी तो बंद करा म्हटले. आजी म्हणाली, अंधारात जनावर दिसायचे नाही. तिचेही खरे होते. मग बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्यावर टोपी केली. आता उजेड वर जात नाही, सगळा खळ्यात पडतो. आजीला पायाखालचे आधीपेक्षा चांगले दिसते आणि मला पडवीतून तारे दिसतात.

दुर्बीण नसली तरी चालेल. येत्या थंडीत अमावास्येला दिवे मालवून दहा मिनिटे अंधारात थांबा, म्हणजे डोळे सरावतील. मग मृगाच्या बाणाखाली बघा. धुरकट ठिपका दिसला तर मला सांगा. आणि तुमच्या घरच्या दिव्यालाही टोपी करा.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी