गावाला विचारलं का?

गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका तरुण मित्राने विचारले, "सर, निवृत्तीनंतर वेळ कसा जातो?" मी म्हटले, "गावकी करतो." तो हसला. इंग्लंडमध्ये कसली आली आहे गावकी, असे त्याला वाटले असावे. त्या हसण्याला उत्तर म्हणून हा लेख.

'पॅरिश' म्हटले की आपल्याला चर्च आणि पाद्री आठवतात. एके काळी गावचा कारभार खरोखरच चर्चच्या आधाराने चाले. १८९४ च्या कायद्याने तो वेगळा केला आणि लोकांनी निवडलेली पॅरिश कौन्सिल आणली. संसदेसाठी स्त्रियांना मत मिळाले १९१८ मध्ये, पण पॅरिश कौन्सिलसाठी मत देण्याचा आणि निवडून येण्याचा हक्क त्यांना या १८९४ च्या कायद्यानेच मिळाला होता. आज इंग्लंडमध्ये पॅरिश आणि टाऊन कौन्सिल मिळून सुमारे दहा हजार आहेत. आपली ग्रामपंचायतच म्हणा ना! गावचे सभागृह, खेळाचे मैदान, दफनभूमी, रस्त्याकडेची बाकडी अशी कामे तिच्याकडे असतात. खर्चासाठी कौन्सिल टॅक्समधला एक लहानसा हिस्सा मिळतो, त्याला प्रिसेप्ट म्हणतात. दरवर्षी १ मार्च ते १ जून या काळात गावाची सभा भरते. तिथे गावातला कोणीही मतदार उभा राहून बोलू शकतो. म्हणजे ग्रामसभाच.

२००० साली सरकारने ग्रामीण भागाविषयी श्वेतपत्रिका काढली आणि गावांनी आपला आराखडा आपणच करावा, या कल्पनेला सरकारी पाठबळ मिळाले. बसपासून कुत्र्यांच्या घाणीपर्यंत गावाला जे महत्त्वाचे वाटेल ते त्यात घालायचे, कोणते काम कोण आणि कधी करणार हेही लिहायचे. सरकारी योजना बदलल्या, अनुदाने आटली. पण ही पद्धत अनेक गावांत टिकून राहिली.

निवृत्तीनंतर आम्ही दोघे मिडलँड्समधल्या एका लहान गावात राहायला आलो. मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवले. गावाने आराखडा करायचे ठरवल्यावर कौन्सिलच्या अध्यक्षीणबाई एका संध्याकाळी दारात आल्या. "तुम्ही आकड्यांतले तज्ज्ञ. आमची प्रश्नावली तुम्ही करा." मला कोण आनंद झाला! इतकी वर्षे त्या गावात 'गुड मॉर्निंग' आणि हवापाणी यापलीकडे मला कोणी काही विचारले नव्हते.

मी बारा पानी प्रश्नावली केली. दर घरी एक. आम्ही काहीजणांनी ती घरोघर पोचवली, पुन्हा जाऊन गोळा केली. निम्म्याहून अधिक घरांनी भरून दिली, म्हणजे सर्वेक्षण करणाऱ्याला पेढे वाटावेत असा प्रतिसाद. उत्तरही स्पष्ट होते: गावात नवी घरे नकोत. सभागृहात निष्कर्ष मांडले, टाळ्या झाल्या. समोर तीसेक माणसे होती आणि माझ्यासकट बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. याचे मला तेव्हा काही वाटले नाही.

घरी आल्यावर बायकोने चहा टाकता टाकता विचारले, "त्या कोपऱ्यावरच्या घरातला फॉर्म कुणी भरला होता?"

"घरमालकाने. का?"

"त्यांचे दोन्ही मुलगे पंचविशीच्या पुढचे आहेत. भाडं परवडत नाही म्हणून आईबापांकडे राहतात. धाकट्याचं लग्न त्यावरूनच अडलंय. फॉर्म आणायला गेले तेव्हा त्यांची आईच सांगत होती. त्या पोरांना कुणी विचारलं?"

मी गप्प झालो. ज्याचे मत हवे त्याला विचारा, त्याच्या घराला नव्हे, हा धडा मी तीस वर्षे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना देत होतो. आणि माझ्या प्रश्नावलीत वडिलांनी 'नवी घरे नकोत' यावर खूण केली होती. त्याच घरातल्या दोघांना नव्या घराचीच गरज होती, आणि ती माझ्या तक्त्यात कुठेच नव्हती. चूक कौन्सिलची नव्हती, गावाची नव्हती, माझी होती.

रात्री झोप लागली नाही. टाळ्या तर मिळाल्या होत्या. कोणाच्या लक्षातही आले नव्हते. सकाळी अध्यक्षीणबाईंकडे जाऊन सांगितले की निष्कर्ष मागे घ्यावे लागतील. त्यांनी मला बसवले, कॉफी दिली आणि म्हणाल्या, "मग आता काय करायचं ते सांगा."

उत्तर शोधताना मला टोनी गिब्सन यांचे काम सापडले. १९७० च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठात असताना त्यांनी 'प्लॅनिंग फॉर रिअल' ही पद्धत तयार केली. सभेत नेहमीचे चारजण बोलतात आणि बाकीचे ऐकून घरी जातात, हा सगळ्यांचाच अनुभव. यावर त्यांचा उपाय साधा होता. वस्तीचे पुठ्ठ्याचे प्रारूप करायचे, त्याभोवती लोकांना जमू द्यायचे आणि आपली सूचना लिहिलेले कार्ड हव्या त्या जागी ठेवू द्यायचे. भाषण करावे लागत नाही आणि कार्ड कोणाचे ते कळत नाही. शिवाय प्रारूप उचलून लोक असतील तिथे नेता येते.

याच जातीची दुसरी पद्धत तर आपल्याकडच्या खेड्यांत वाढली. ससेक्समधील विकास अभ्यास संस्थेचे रॉबर्ट चेंबर्स आणि भारतातील कार्यकर्ते यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून लोकसहभागातून पाहणीच्या पद्धती रुजवल्या. गावकऱ्यांनी अंगणात, चावडीसमोर रांगोळीने, खडूने, बियांनी गावाचे नकाशे काढले. खाली बसून काढलेल्या नकाशात अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा बोट ठेवून सांगू शकते, 'इथलं पाणी उन्हाळ्यात आटतं.' महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेतात, तिचे कारणही हेच. पुढे या पद्धती इंग्लंडमध्येही आल्या. आपण नेहमी म्हणतो की इकडून तिकडे शिकायला जावे. इथे प्रवास उलटा झाला होता.

आम्ही नव्याने सुरुवात केली. प्राथमिक शाळेतल्या मुलांनी प्रारूप केले. चर्चचा मनोरा जरा वाकडा झाला, तो तसाच ठेवला. मग ते घेऊन आम्ही हिंडलो. शनिवारी पबमध्ये, दुपारी शाळेच्या फाटकाशी, पहाटेचे दूध काढून झाल्यावर गोठ्यातल्या कामगारांकडे. प्रश्नावलीही नवी केली: छोटी, आणि घराला एक नव्हे, तर अकरा वर्षांवरच्या प्रत्येकाला वेगळी, वेगळ्या पाकिटात.

चित्र पालटले. 'नवी घरे नकोत' याचा अर्थ 'मोठ्या बिल्डरची वसाहत नको' असा निघाला. गावातल्याच मुलांसाठी परवडणारी थोडी घरे असायला हरकत नव्हती. नियोजनाच्या नियमांत यासाठी सोय आहे. जिथे एरवी बांधकामाला परवानगी मिळत नाही अशा गावकडेच्या लहान जागेवर स्थानिकांसाठी परवडणारी घरे बांधता येतात. त्याला 'रूरल एक्सेप्शन साइट' म्हणतात. जागा ठरवायला, वाद मिटायला वर्षे गेली. शेवटी सहा घरे उभी राहिली. कोपऱ्यावरच्या घरातला धाकटा आता त्यातल्या एका घरात राहतो. थोरल्याने मात्र तोवर गाव सोडले होते.

सगळे काही जमले असे नाही. सर्वांत जास्त कार्डे बस थांब्यावर पडली होती, पण बंद झालेली बस काही परत आली नाही. ते गावाच्या हातात नव्हते. मग आम्ही काहीजणांनी आपापल्या गाड्या काढल्या. दर मंगळवारी मी दोघीतिघींना दवाखान्यात नेऊन आणतो. आराखड्यातली ती एक ओळ माझ्या नावावर आहे.

वाचकांना उपयोगी पडेल म्हणून एक फरक सांगतो. असा आराखडा हा गावाचा शब्द असतो, कायदा नसतो. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने 'नेबरहूड प्लॅन' आणला. तो जमिनीच्या वापरापुरता असतो, पण त्यावर तज्ज्ञाची तपासणी आणि सार्वमत होते. मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी हो म्हटले की बांधकामाचे अर्ज ठरवताना त्याला कायद्याचे वजन येते. मार्च २०१३ मध्ये कंब्रियातील अप्पर ईडन हा सार्वमतात मंजूर झालेला पहिला प्लॅन. जिथे बांधकामावर सामुदायिक सुविधांचा आकार घेतला जातो, तिथे असा प्लॅन असलेल्या पॅरिशला त्यातला २५ टक्के वाटा मिळतो; नसेल तर १५ टक्के.

शेवटच्या आठवड्यात प्रारूप सभागृहात मांडलेले असताना एका वृद्ध बाईंनी मला विचारले, "प्रोफेसर, सगळ्यांना विचारत हिंडलात. तुमचं कार्ड कुठाय?"

माझे कार्ड नव्हतेच. मी मोजणारा, मला वाटले मोजणाऱ्याने बाजूला राहावे. खरे सांगायचे तर, आपण इथले पाहुणे, असे कुठेतरी मनात होते. बायकोने मात्र आपले कार्ड केव्हाच ठेवले होते: चर्चमागच्या पडीक जागेवर 'भाजीचे वाफे'. निदान सहा मतदारांनी अलॉटमेंटची लेखी मागणी केली तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते, असा १९०८ चा कायदा आहे. तिला आणखी पाच सह्या लागत होत्या. सहावी सही माझी.

तर मंडळींनो, आपल्यापैकी कितीतरी जण आता शहराबाहेर, अशा लहान गावांत राहतात. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवरही इथे आपल्याला मत देता येते. कायम वास्तव्याची परवानगी असेल तर पॅरिश कौन्सिलवर उभेही राहता येते. पुष्कळ गावांत त्या जागा उमेदवाराअभावी रिकाम्या असतात. येत्या वसंतातल्या सभेला जाऊन बसा. आणि तिथे कोण आले आहे हे पाहून झाले की कोण आलेले नाही तेही मोजा.

आमच्या वाफ्यातली मेथी यंदा बरी आली. शेजारच्या वाफेवाल्यांना तिचा वास कपड्यांना लागतो अशी तक्रार आहे, पण जुडी नेताना कोणी नाही म्हणत नाही. सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!